बोगद्याच्या अलीकडे

इंदिरानगर, नाशिक

प्रिय अनवरी,

फोनवर तू "ठीक हूँ" म्हणतेस, मी "मी पण" म्हणते, आणि मग दोघी गप्प. म्हणून हे लिहायला घेतलं. तसं मराठी तुला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं, चुका काढू नकोस. आज कामावर गेले नाही. ओमचे पप्पा डबा घेऊन कधीच गेले, भांडी तशीच पडलीत आणि मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेय. बरं नाही असं त्यांना सांगितलंय. ताप नाही. नुसता थकवा आहे, झोपून उठलं तरी न जाणारा.

कंपनीत तुझ्या जागेवर अजून कुणाला कायम बसवलेलं नाही. स्विच तपासायला कधी ही मुलगी येते, कधी ती. एकीचंही बोट तुझ्यासारखं चालत नाही. सुपरवायझर मॅडम विचारतात, "अनवरी कधी येणार?" मी म्हणते, "बहिणीकडे मालेगावला आहे, पाय बरा झाला की येईल." प्लास्टर निघालं, काठी सुटली, हे तू सांगितलंस. यायचं मात्र बोलली नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत आपल्या सायकलखरेदीची आठवण काढून एकटीच हसले. कंपनीची बस बंद झाली होती, अंबडपर्यंत शेअर रिक्षात कोंबून जायला आपण वैतागलो होतो. सायकल हे तुझ्याच डोक्यातलं. मी तर शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. भद्रकालीतल्या त्या दुकानदारानं आधी काळी, गिअरवाली दाखवली. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. "मॅडम, आजकाल हीच चालते." तू म्हणालीस, "चलती होगी भाई, पण माझा डबा काय डोक्यावर ठेवू? आणि पावसातला चिखल पाठीवर घेऊन कामावर बसू?" तो बिचारा आतून साध्या लेडीज सायकली काढत बसला. ओढणी अडकायला नको म्हणून चेनकव्हर पूर्ण बंद आहे का, ते तू खाली वाकून बघितलंस. स्टँड दोन पायांचं हवं. बास्केट तारेची हवी, प्लास्टिकची उन्हात तडकते. मी लांब रेनकोट उचलला तर परत ठेवायला लावलास, "चाकात जाएगा, पँट-शर्टवाला ले." लग्नाचा बस्ता बांधतानाही मला इतकी मजा आली नव्हती.

आणि मग ती सगळी वर्षं. सकाळी हायवेखालच्या बोगद्यातून पलीकडे निघालं की सिडकोच्या चढावर तू मला बोलतं ठेवायचीस, म्हणजे दम लागल्याचं कळू नये. घरात नवऱ्यापुढे, पोरापुढे जे बोलता यायचं नाही ते आपण पेडल मारत बोललो. माझी आई गेली तेव्हा आठवडाभर मी सायकलवरच रडले, आणि तू गाड्यांच्या बाजूनं चालवत मला आतल्या कडेला ठेवलंस.

दिवाळीआधीच्या त्या संध्याकाळबद्दल आपण एकदाही बोललो नाही. बोगद्यात आवाज आला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी डबा पडला. बघते तर तू सायकलखाली, आणि ज्या टेम्पोचा आरसा तुझ्या हँडलला लागला तो थांबलाही नाही. पाय कसा वळला होता ते मी बघितलं. तू रडत नव्हतीस. "सविता, मेरी चप्पल देख," एवढंच परत परत म्हणत होतीस.

त्यानंतर मी सामान घ्यायला लागले. आधी मागचा लाल दिवा, लुकलुकणारा. मग हेल्मेट. त्यात अंबाडा मावत नाही म्हणून आता वेणी घालते. मग हँडलला आरसा. मग रस्त्याच्या कामावर घालतात तसलं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. ओम म्हणाला, "आई, ट्रॅफिक पोलीस दिसतेस." प्रत्येक वस्तू घेताना वाटायचं, ही आली की धीर येईल. एक-दोन दिवस यायचाही. वस्तू चांगल्या आहेत गं, त्यांचा दोष नाही. आरशात मागची गाडी दिसते, जाकिटामुळे गाड्या जरा लांबून जातात. पण बोगदा जवळ आला की माझी बोटं ब्रेकवरून सुटत नाहीत. मग उतरून, कडेकडेनं सायकल ढकलत जाते. मागून हॉर्न वाजतात. कामावर पोचेपर्यंत दिवसभराचं बळ संपलेलं असतं.

काल तर ढकलताही येईना. बोगद्याच्या अलीकडे उभी राहिले ते उभीच. तिथली हार विकणारी बाई म्हणाली, "ताई, चक्कर येते का? बसा जरा." बसले, तिनं दिलेलं पाणी प्यायले, सायकल वळवली आणि घरी आले. आज निघालेच नाही. ओमचे पप्पा तुझ्या अपघातापासून म्हणतात, सोड ती नोकरी. काळजीनं म्हणतात. मी सोडली तर कुणी एक शब्द बोलणार नाही, आणि हेच मला खुपतंय.

परवा मालेगावहून तुझ्या बहिणीचा, खुशनुमाचा फोन आला होता. तू नको म्हटलं होतंस तरी तिनं सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. म्हणाली, आपा रोज सकाळी गल्ली रिकामी असताना आमच्या मुन्नाची सायकल काढते. आधी नुसती धरून उभी राहायची. मग चढली, पडली, पुन्हा चढली. आता मोसम पुलापर्यंत जाऊन येते. फोन ठेवून मी रडले. आनंद होताच, पण लाजही वाटली. तू पडून उठलीस, मी न पडताच बसलेय. इतके दिवस मला वाटत होतं की एक दिवस तुझी समजूत घालून तुला परत आणावं लागेल. हे पत्र त्यासाठी नाही, तुझ्या नोकरीसाठीही नाही. मला एकटीला जमत नाहीये अनवरी, एवढंच सांगायला लिहिलं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीचं तुझं तू ठरव. पण एकदा ये, आणि बोगद्यातून माझ्यापुढे सायकल चालव. मी तुझ्या मागून येईन.

तुझीच, वाट बघणारी,
सविता