दोघींनी शिवायचा पंख

७ डिसेंबर, शनिवार

कापड चढलं! वरचा डावा पंख, एकही सुरकुती नाही. सॉपविथ कॅमल — पहिल्या महायुद्धातलं, एकावर एक पंखांचं लढाऊ विमान. आमचं मॉडेल मूळ मापाच्या चौथाई. मी आणि बाबा दीड वर्ष हेच करतोय. तयार संच नाही. प्रत्येक फासळी स्वतः कापलेली. दिवसा मिहानच्या विमान दुरुस्ती कारखान्यात मी खऱ्या विमानांचे पत्रे तपासते, संध्याकाळी बेसाला घरी आले की हे.

आता कापड फासळ्यांना शिवायचं. पंख दोन खुर्च्यांमध्ये उभा करायचा, एकानं अलीकडे बसायचं, एकानं पलीकडे, आणि सुई आरपार द्यायची-घ्यायची. एकट्याचं काम नाही. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जवळचा चष्मा अजून यायचाय.

"शोभाले बोलावू का?" असं बाबांनी विचारलं. समोर वर्तमानपत्र धरून, जे त्यांना सध्या वाचताच येत नाही.

मी म्हटलं, बोलवा.

८ डिसेंबर, रविवार

शोभाताई म्हणजे बाबांना ज्यांच्याशी लग्न करायचंय त्या. कन्हानला शाळेत भूगोल शिकवतात. वय बावन्न. लग्न केलं नाही, वडिलांना सांभाळतात. डोळ्यांच्या दवाखान्यात बाबा आणि त्यांचे वडील, बापूजी, औषध घालून एकाच बाकावर डोळे मिटून बसले होते. तिथली ओळख.

आई जाऊन सात वर्षं झाली. बाबांनी दिवाळीत मला विचारलं. म्हणाले, तू हो म्हटलं तरच. मी म्हटलं, विचार करते.

अजून करतेय.

आज त्या आल्या. येताच सांगून टाकलं, "मले बटणसुद्धा धड लावता येत नाही, आधीच सांगते." नेम धरायचं काम मी माझ्याकडे ठेवलं — सुई फासळीला अगदी चिकटून निघाली पाहिजे. गाठी त्यांच्याकडे. दर वीस मिलिमीटरला एक. त्या डावखुऱ्या आहेत. गाठीचं शेपूट उलट्या बाजूला, डावीकडे पडतं. चालेल.

तीन फासळ्या झाल्या.

९ डिसेंबर

सकाळी ऑफिसला जायच्या आधी गाठी तपासल्या. सुईच्या टोकानं एकेक उचलून. काही घट्ट, काही अगदीच सैल. सैल तेवढ्या उसवायच्या ठरवल्या होत्या. तिन्ही फासळ्या उसवल्या. एकटीनं पुन्हा बांधायला हात दोन्हीकडे वळवावे लागतात, पण गाठ तेवढी नवी बांधायची असेल तर जमतं.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, वरून पट्टी बसते, पट्टीवर डोपचं रोगण बसते, कोणाले दिसते?

मला दिसतं, म्हटलं.

१४ डिसेंबर, शनिवार

गोपाळराव आले होते — खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधले बाबांचे जुने दोस्त. पंखाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी बसलेल्या. "काय गा केशव, तू तं म्हणे विमान बनवून राहिला. हे तं खाट विणून राहिले!" शोभाताई इतक्या हसल्या की सुई माझ्या बाजूला आलीच नाही.

पंख मध्ये असला की चेहरा दिसत नाही. त्यांच्या पाठीमागे खिडकी आहे, त्यामुळे कापडावर नुसती सावली. त्या "गेली" म्हणतात, मी "आली" म्हणते. मध्येच नववीतल्या कोणीतरी गोदावरी तापीला नेऊन मिळवली, त्याची गोष्ट. लग्नाचा शब्द नाही. एकदाही नाही.

१५ डिसेंबर

कालच्याही उसवल्या. सगळ्या.

२१ डिसेंबर, शनिवार

आज मी त्यांना एक गोष्ट सांगितली, का ते कळत नाही. गेल्या वर्षी हैदराबादची मोठी नोकरी चालून आली होती. नाही म्हटलं. सगळ्यांना कारण सांगितलं बाबांच्या जेवणाचं. बाबांना माझ्याहून चांगला स्वयंपाक येतो. मलाच भीती वाटली होती — मी गेले आणि माझ्यावाचून त्यांचं नीट चाललं, तर?

सावली हलली नाही. मग सुई आली. "हं. गेली," एवढंच म्हणाल्या.

बरं वाटलं. याहून जास्त काही म्हणाल्या असत्या तर उठून गेले असते.

जाताना संत्री ठेवून गेल्या. आमच्याकडे आधीच एक टोपली आहे. बाबा म्हणतात, ही गोड आहेत.

२२ डिसेंबर

रविवार असून सकाळी सहाला जाग आली. पंखापाशी जाऊन बसले. उसवल्या. आज थोडा वेळ लागला.

२८ डिसेंबर, शनिवार

त्यांना कळलं.

शेवटच्या दोन फासळ्या उरल्या होत्या. त्या बसल्या, आणि सहज जुन्या ओळींवरून बोट फिरवलं. सगळी शेपटं उजवीकडे. पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"ह्या गाठी माह्या नाहीत वं."

मी म्हटलं, ताण सारखा नव्हता.

"मंग सांगाचं ना. मी पुन्हा बांधल्या असत्या."

उठून जातील असं वाटलं. गेल्या नाहीत. दोन्ही फासळ्या पूर्ण केल्या, आणि प्रत्येक गाठ बांधली की पंखापलीकडून विचारायच्या, "हे चालते?" टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होत्या. प्रत्येक गाठीला. मी प्रत्येक वेळी हो म्हटलं.

चहा न घेता गेल्या. बस होती म्हणे.

३१ डिसेंबर

बाबा पंख्याचं लाकूड घासत होते. पुढचा, इंजिनाचा पंखा. माझ्याकडे न बघता म्हणाले, शोभानं नाही म्हटलं.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हणे, मी दिवसा केलेलं पोरगी सकाळी उसवते. त्या घरात मी रोज येऊन काय करू?" थोड्या वेळानं म्हणाले, "तुह्यावर राग नाही तिचा. मलेच म्हणे, पोरीले अजून त्रास देऊ नका."

घासत राहिले. त्या पात्याला आता घासायला काही उरलेलं नाही.

ताण सारखा नव्हता हे खरंच आहे. पण पहिल्या तीन फासळ्यांवर घट्ट, चांगल्या गाठीही होत्या, त्याही मी काढल्या होत्या. पहिल्याच दिवशी तसं केलं आणि पुढे थांबले नाही. ताणाचं कारण मी स्वतःलाही सांगत होते.

१ जानेवारी

बाबांनी पोहे केले. दोघांनी खाल्ले. आमचं नीट चाललंय.

५ जानेवारी, रविवार

उजवा पंख उभा केला. एकटीनं बसून पाहिलं. या बाजूनं सुई घालायची, उठायचं, वळसा घालून जायचं, ओढायची, परत यायचं. सकाळभरात अर्धी फासळी. दोनदा तोंडातून "गेली" निघालं. आत बाबांनी ऐकलं असणार. स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता.

डाव्या पंखावरच्या त्यांच्या शेवटच्या दोन ओळी मी तपासल्या नाहीत. तपासणारही नाही.

बाबा हल्ली फोन उपडा ठेवतात.

८ जानेवारी

शोभाताईंना फोन केला. उचलला नाही. माफीचा मेसेज लिहिला, तीनदा दुरुस्त केला, पुसला. तपासणी अहवालासारखा वाचत होता. माफी मागितली तर त्या "असू दे वं" म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. मला विषय संपवायचा नाहीये.

बाबांना काही सांगितलेलं नाही. रविवारी गाडी घेऊन जाते, कामठीला काम आहे, एवढंच म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार

कन्हान. बापूजींच्या समोर नारळ आणि पेढे ठेवले, म्हटलं, मागणी घालायला आलेय.

बापूजींनी माझ्याकडे नीट पाहिलं, नव्या डोळ्यांनी. मग सावरून बसले. "मुलाकडून मोठं कोण आलं?" म्हटलं, मीच. मुलगा काय करतो? म्हटलं, रिटायर आहे, विमान बनवतो. "अन् मुलाले विचारलं का?"

"तो माझ्या शब्दाबाहेर नाही."

आत भांड्यांचा आवाज थांबला. बापूजींनी हाक मारली, शोभा, पाव्हणी आली आहे, चहा आण. चहाला फार वेळ लागला. त्या बाहेर आल्या तेव्हा साडी बदललेली होती. ट्रे ठेवला, समोर बसल्या, माझ्याकडे बघेनात.

बापूजींनी मला विचारलं, मुलगी पसंत आहे का.

आहे, म्हटलं.