क्लबासाठी चांगली जमीन

मुक्काम अकोला, चैत्र वद्य ३, शके १७८६

तीर्थरूप खुशालदादांच्या पायी धाकट्या शेषरावाचा दुरून दंडवत. वि. वि.

रुसून पळालो असं तुमी पुन्हा लिहिलं. दादा, मी पळालो नाही, चालत आलो, चार दिवस. आणि रुसायचं कारण तुमी दर पत्रात गाळून राहिले. वावरात एक खोली बांधू द्या, एवढंच मागितलं होतं. तुमी म्हणाले, काळ्या मातीत घर टिकत नाही. मी समजायचं ते समजलो. धाकट्याले हिस्सा दाखवायचा नव्हता, म्हणून जमिनीचं नाव पुढं केलं. दोन वर्षं झाली, अजून घशाखाली उतरत नाही.

ते असो. माझं काम ऐका. कापसाच्या भावानं इथं मुंबईचे सायेब लोक गोळा झाले. त्याइले संध्याकाळी बसायले जागा नाही, म्हणून गावाबाहेरचा जुना बंगला वाढवून क्लब करून राहिले. क्लब म्हणजे देऊळ नाही, कचेरी नाही, धर्मशाळाही नाही. सायेब तिथं येतो, आपल्यासारख्याच दुसऱ्या सायबाले भेटतो अन् घरी जातो. मधल्या वेळात नाचतो. बंगल्याले लागून साठ फूट लांब दीवानखाणा निघणार आहे. त्यात हिरव्या कापडाचं मेज येणार, त्यावर काठीनं गोळे ढकलतात. कापडाखाली सबंध दगड असतो म्हणे. जमीन जराशी कलली तरी गोळा आपोआप चालू लागतो, अन् सायबाचा खेळ नासतो.

मी चाळीस माणसांवर मुकादम झालो. मागच्या आठवड्यात बांधकामाच्या सायबानं कारकून वामनरावांच्या तोंडून मले विचारलं, की तू शेतकऱ्याचा पोरगा, बंगल्याच्या पूर्वेची जमीन कशी आहे. मी ढेकूळ हातात फोडून सांगितलं, याहून चांगली जमीन अख्ख्या वऱ्हाडात नाही. सायबानं तिथंच खुंट्या ठोकल्या. घरी माझं कोणी ऐकत नव्हतं, इथं सायेब ऐकते.

वहिनीले नमस्कार. रागावले असाल तरी माया पातळ करू नये.
शेषराव


मुक्काम चांदूर बाजार, वैशाख शुद्ध २

चिरंजीव शेषरावास खुशालरावांचे अनेक आशीर्वाद. हे पत्र मी, मोरोपंत, ते सांगतात तसे लिहीत आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

तुझे पत्र मी ओट्यावर वाचून दाखवले. चांगल्या जमिनीपर्यंत आलो आणि तुझे दादा उठून उभेच राहिले. ते विचारतात, सायबाने जमीन पेरायला विचारली होती की भिंत उभी करायला? आपली माणसे गावठाणाच्या पांढरीत राहतात आणि वावराच्या काळीत पेरतात, ते काय गंमत म्हणून? काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. दरवर्षी भिंतीला थोडे उचलते, थोडे सोडते.

आता जे तुला कधी सांगितले नाही ते सांगतात. तू जन्मण्याआधी तुमच्या वडिलांनी वावरात बैलांसाठी पक्का कोठा बांधला होता. तिसऱ्या पावसाळ्यात भिंत बसली आणि जोडीतला एक बैल तिच्याखाली गेला. वडिलांपुढे कोणी त्याचा विषय काढत नसे, आणि ते गेल्यावरही दादांच्या तोंडून तो निघाला नाही. म्हणून खोली नको म्हटले होते. अर्धा हिस्सा तुझा आहे. पाटलासमोर बोलायचे तर उद्या बोलू.

सध्या भेगा उघड्या आहेत. भेगेत काठी सोड. मुरूम जिथे जवळ लागेल तिथे बांध, काठी जिथे टेकत नाही तिथून सायबाला उठव. शब्द तू दिलास, तूच परत घे. मुकादमी गेली तर घर आहे, हे त्यांनी दोनदा लिहायला सांगितले.

तुझ्या वहिनी दुर्गाबाई विचारतात, नाचात सायबांच्या बायकाही असतात का? माझ्याकडून इतकेच, की दिवाणखाना या शब्दात तू तीन चुका केल्या आहेस.

पत्राची वाट पाहणारे आम्ही तिघे.


मुक्काम अकोला, वैशाख वद्य ४

तीर्थरूप दादांच्या पायी डोकं ठेवून शेषराव लिहितो, की तुमचं पत्र तीनदा वाचलं. बैलाचं मले ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं मनात तुमाले काय काय बोललो ते कागदावर आणत नाही. धाकटा समजून पोटात घाला.

इथं पाया खणायले सुरुवात झाली होती, चुना भिजला होता. मी वामनरावांना म्हटलं, सायबाले सांगा, माझं चुकलं. ते म्हणाले, असं सांगितलं तर तो दोघांलेही हाकलेल, तुझं तू पाहा. मले सायबाची भाषा येत नाही, त्याले माझी अर्धी येते. तो चरापाशी उभा होता, हातात चांदीच्या मुठीची छडी. मी हात जोडून छडी मागितली. काय समजून दिली कोण जाणे. मी ती एका भेगेत सोडली. वाटलं, मुठीपाशी अडकेल. दादा, मूठसुद्धा आत गेली. टेकल्याचा आवाज नाही. मी मनातल्या मनात गाठोडं बांधून घेतलं.

सायेब कोट काढून गुडघ्यावर बसला. खांद्यापर्यंत हात आत घातला, रिकामाच काढला. मंग मी त्याले पश्चिमेले नेलं, जिथं घोड्याइची पागा आहे. लोखंडी सब्बल मारली. हातभर खाली मुरूम वाजला. त्यानं वामनरावांकडून विचारलं, की आधी चांगली काहून म्हटली. मी म्हटलं, पेरायले चांगली म्हटली, सायेब पेरणार असतील तर आजही चांगलीच आहे. तवा कुठं तो हसला.

आता नकाशा फिरवला. दिवाणखाना पश्चिमेले, पागा पूर्वेले. कुडाची पागा कलली तरी घोडे तक्रार करत नाहीत. छडी खणून काढायले मले दीड दिवस लागला.

वहिनीले सांगा, बायका असतात अन् नाचतातही. जास्त लिहीत नाही, मोरोपंत मोठ्यानं वाचतील.

आजवर धरला तसाच हात धरून ठेवावा.
शेषराव


मुक्काम अकोला, मार्गशीर्ष शुद्ध ८

तीर्थरूप दादा आणि वहिनींना शेषरावाचे साष्टांग दंडवत. मोरोपंतांनाही, त्यांनी माझ्या चुका मोजायच्या आधीच.

क्लब उभा राहिला. पावसाळाभर मी रोज सकाळी भिंतींवरून हात फिरवत होतो, जसं वहिनी तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवते. केसाएवढी भेग नाही. पूर्वेच्या पागेचे खांब मात्र श्रावणातच वाकडे झाले. ते पाहून सायबानं मले बोलावलं अन् बोटानं दाखवलं.

मेजाचा दगड अर्धी वाट रुळावरून अन् बाकीची बैलगाडीवर आला. परवा सायबानं मेजाच्या मधोमध गोळा ठेवला. सगळे वाकून पाहून राहिले. गोळा होता तिथंच राहिला. सायबानं मले आत बोलावून विचारलं, की भेगेची युक्ती तुले कोणी शिकवली. मी तुमचं नाव सांगितलं. वामनरावांनी ते त्याले तीनदा म्हणून दाखवलं, तरी त्याले खुशालराव म्हणता आलं नाही. मंग त्यानं कागदावर लिहून घेतलं.

दादा, तुमी माझा हिस्सा नाकारला नव्हता, मले वाचवलं होतं. ते कळायले एक क्लब बांधावा लागला. पाटलासमोर जाऊ नका. वावर एकच राहू द्या, मी पुढच्या चैत्रात येतो अन् तुमच्यासोबत वखर धरतो. आता आणखी दोन बंगले मिळाले आहेत. जागा मी आधी काठीनं पाहतो, बोलतो मागून.

तिकडून मायेचं माणूस म्हणून आठवण ठेवत जावी.
शेषराव

ता. क. सायबानं इनाम दिलं. मी म्हटलं, ज्याचं शहाणपण त्याचं. नत्थुजी गाडीवानाजवळ थैली न सोडता तशीच पाठवून राहिलो, वरती कागदावर तुमचं नाव सायबाच्या हातचं आहे. आत सायबानं मोजून घातलेले रुपये पंचवीस.