प्रेगो म्हणणार नाही

डब्लिन, ओहायो
१२ मार्च २००६

ती. केदारदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. शाळा सोडल्यापासून पेन धरलं नाही, चुका काढत बसू नकोस.

तुझ्या चँडलरहून इकडे येणार हे कळवलं नाहीस, ठीक. साहेबांना घेऊन नेमका आमच्या इटालियन हॉटेलात आलास, तेही ठीक. मी पाण्याचा जग घेऊन समोर, आणि तू मेनूकार्डात तोंड खुपसलंस! साहेबाने विचारलं, हा ओळखीचा का? तू नुसता हसलास. पाणी ओतलं तर वर न बघता म्हणालास, ग्रात्सिए. इथे आभार इटालियनमध्येच, ही मालकाची शिस्त. म्हणून मीही उत्तराला प्रेगो म्हटलं, म्हणजे ‘आभार कसले’. दिवसभर परक्यांना म्हणतो तसंच.

तुझ्यासारखा शिकून नाही, बोटीवर भांडी घासत इथवर आलो, माहीत आहे मला. पण आपल्या घरात कुणी कुणाचे आभार मानले रे कधी? आईने ताट वाढलं, मी तुझी सायकल पुसली, तेव्हा मानलेस?

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

जगन्नाथ


चँडलर
२० मार्च २००६

चि. जगन्नाथास अनेक आशीर्वाद.

ते क्लायंट होते रे. हॉटेलात वाढणारा माझा भाऊ, हे तिथे कसं एक्स्प्लेन करणार? पोलाइटच होतो ना, शिवी तर दिली नाही. आईला कळवू नकोस. चार एप्रिलला त्यांच्याबरोबर पुन्हा तिथेच डिनर आहे. तू सुट्टी घे, म्हणजे दोघांनाही ऑकवर्ड नको.

तब्येत सांभाळ, राग आवर.

तुझा
केदार


डब्लिन
५ एप्रिल २००६

ती. दादास नमस्कार.

सुट्टी घेतली नाही. उलट तुझंच टेबल मागून घेतलं. तू पुन्हा ग्रात्सिए म्हणालास आणि मी जग धरून तसाच उभा राहिलो. प्रेगो तोंडातून काढलं नाही. मालक डोळे वटारत होता. नोकरी गेली असती तरी हललो नसतो.

तुझे कान लाल झाले, लहानपणी खोटं पकडलं की व्हायचे तसे. मग साहेबाला सांगितलंस, हा माझा धाकटा भाऊ. आणि मला मराठीत झापलंस की जग्या, ठोंब्यासारखा उभा काय राहिलास, सगळ्यांचे ग्लास भर.

भरले. साहेब ग्रात्सिए म्हणाले, त्यांना प्रेगो म्हटलं. तुझा भरला तेव्हा तू काही बोलला नाहीस. मीही नाही.

राग गेलेला नाही. सुट्टी घे म्हणालास, त्याचा तर मुळीच गेला नाही. पुढच्या वेळी माझ्या खोलीवर ये जेवायला. उठताना आभार मानलेस तर भांडी तुलाच घासायला लावीन.

असाच हुकूम सोडत राहा.

तुझा
जग्या