गाठ काढल्यानंतरचा दसरा

१६ सप्टेंबर
पणजीला हॉस्पिटलात वार्षिक तपासणी. डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांसमोर शर्ट वर करायला लावला. म्हणाले, मूत्रपिंडावरची गाठ, दुर्बिणीतून काढली, अकरा वर्षं झाली. बी.पी.ची गोळी नाही, पेडणे-म्हापसा बस चालवतात. वण इतके बारीक की एका मुलीने चष्मा पुसून बघितले. मान ताठ झाली माझी. अशी गाठ क्वचित कुणाला होते, त्यातही आमचा नंबर लागला.
उशिरानेही परत येऊ शकते, म्हणून तपासणी जन्मभर. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून दिली. बायकोने, शालनने, यंदाही कॅन फ्रिजमध्ये ठेवू दिला नाही. न्हाणीत, बर्फाच्या बालदीत.

२२ सप्टेंबर
चुलतभाऊ बापू आला. देवळाचा कारभार त्याच्याकडे. यंदा दसऱ्याला तरंगाची पाळी आमच्या घराची, मीच धरावा म्हणतो. साड्या गुंडाळलेला देवाचा तो उंच खांब, मिरवणुकीत एकट्याने पेलायचा.
गाठ होती तेव्हा तरंग धरला की थंड घाम, छातीत धडधड, डोकं फुटायला यायचं, तोंड पांढरंफटक. लोक म्हणायचे, अंगात देवाचा भार आला. पाया पडायचे. एकीने मुलीच्या लग्नाचं विचारलं, मी 'जातलें' म्हटलं आणि झालंसुद्धा! पुढे तोच भार शुक्रवारच्या बाजारात, म्हापशाच्या गर्दीत, स्टिअरिंगवर असताना आला. तेव्हा कुठे दवाखाना.
गाठ गेली, भारही गेला. देव ह्याला सोडून गेला म्हणाले काही जण. त्यानंतर तरंगाला कुणी बोलावलं नव्हतं. मी हो म्हटलं. शा.ला विचारलं नाही.

३ ऑक्टोबर
रिपोर्ट. गाठ जे हार्मोन सोडायची, त्याचा लघवीतला आकडा किंचित वर.
डॉ. म्हणाले, खाण्यापिण्याने, औषधानेही चढतो. दसरा झाला की परत नमुना द्या, मग स्कॅनचं बघू. बी.पी. उत्तम. तरंगाचं विचारलं. धरा म्हणाले, पण डोकं दुखून थंड घाम फुटला तर तिथेच खाली ठेवा.
खाली ठेवा! तरंग अर्ध्या वाटेत टेकवला तर गाव काय म्हणेल, ते त्यांना काय ठाऊक. आणि परत तीच गाठ... भीती वाटते. इथे लिहितो, घरात दाखवली नाही.
शा. आधी नकोच म्हणाली. जेवताना म्हणाली, धरा, पण मी तुमच्यासमोर चालणार. गाठीच्या वेळी तोंड कसं व्हायचं ते डॉक्टरांपेक्षा तिने जास्त बघितलंय.

१२ ऑक्टोबर, दसरा
धरला!
ढोल वाजले तशी छाती धडधडली. घाम तर पाण्यासारखा. शा. माझ्यासमोर उलट्या पावली चाललेली, नजर माझ्या तोंडावर. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, तिचं लक्षच नाही. वडाकडच्या वळणावर हात भरून आले. वाटलं, संपलं, आता टेकवतो. तिच्याकडे बघितलं.
"तोंड तांबडां आसा," ती म्हणाली. "चला."
पांढरं नाही, तांबडं. म्हणजे साधे कष्ट. चाललो. थेट देवळापर्यंत नेला.
बापूने कानाशी येऊन विचारलं, "भार आयलो?"
"नाय. हांवच आसलों."
देव नाही, मीच होतो म्हटल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. यंदा कुणी लग्नाचं विचारलं नाही, पाया पडायलाही फारसं कुणी आलं नाही. नको. आत्ता पेन धरवत नाही, पण इतकं बरं मला गेल्या कित्येक दसऱ्यांत वाटलं नव्हतं. शा.चा तर फार अभिमान वाटला. तिला सांगायला हवं होतं.

१७ ऑक्टोबर
परत कॅन, परत बालदी. नमुना देऊन आलो. डॉ.ना तरंगाचं सांगितलं, त्यांनी उठून हात मिळवला. रिपोर्ट सोमवारी.
रात्री शा.ने विचारलं, परत निघाली तर? म्हटलं, परत काढतील. आणि मधली वर्षं तर आपलीच झाली, ती कोण परत मागतो?
"तितकी पुरनात माका," ती म्हणाली.
मलाही पुरत नाहीत. सोमवारी दोघं जातो.