सात नंबरवर फुली

९ सप्टेंबर २०२३, शनिवार. सकाळी ७.४०

आजपासून डायरी. रोज लिहायची, शुद्ध मराठीत लिहायची, खोटं लिहायचं नाही.

रग्बीचा वर्ल्डकप सुरू झाला. फ्रान्सने न्यूझीलंडला हरवलं, सत्तावीस-तेरा. मी कालच ठमाबाईच्या टपरीवर सांगितलं होतं. मॅच मध्यरात्रीनंतर होती. जागून बघणार होतो, साडेनऊला जरा डोळा लागला. निकालात त्याने काही फरक पडला नाही.

अहेरीत रग्बी कळणारे तिघेच. शाळेतले पीटीचे राजदीप सर, ज्यांनी दोन वर्षांमागे तो अंड्यासारखा बॉल इथे आणला. काळीपिवळी चालवणारा बिरजू. आणि मी. सरांची टीम साऊथ आफ्रिका. बिरजूची न्यूझीलंड, कारण ते खेळायच्या आधी नाचतात. दोघांचाही अभ्यास कच्चा. मी अठ्ठावीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे. लोक डॉक्टर म्हणतात, मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. शंकरपटात बैलांची जोडी सुटायच्या आधीच ती जिंकणार की नाही हे मी मांड्या आणि वशिंड बघून सांगतो. मधली काही वर्षं पट बंद होते, तेव्हा तर माझा एकही अंदाज चुकला नाही. रग्बीत दोनाऐवजी पंधरा जुंपतात, एवढाच फरक.

१० सप्टेंबर, रविवार

रंजीताने एक फॉर्म आणून दिला. पोरगी अकरावीत आहे, राजदीप सरांच्या टीममध्ये खेळते म्हणते. म्हणजे पाणीबिणी देत असेल, अंगाने अगदीच काडी आहे. २९ ऑक्टोबरला चंद्रपूरला निवड-चाचणी. तिथे निवड झाली की राज्याची स्पर्धा, पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्याचा फायदा, असं सगळं तिने एका दमात सांगितलं. पालकाची सही हवी, २० ऑक्टोबरच्या आत. तिला आईची सही नको, माझीच पाहिजे. हे मला आवडलं. नीट वाचून करतो म्हटलं. चष्मा कपाटात आहे. जनावर पारखायला चष्मा लागत नाही, म्हणून मी तो लावत नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार. पोळा

दिवसभर शिंगं, झुली, बेगड आणि एका बैलाने पायावर पाय दिला. तरी संध्याकाळी वर्ल्डकपचा तक्ता केला. घरात एक चांगला जाड कागद पडला होता, मागची बाजू कोरी.

फ्रान्स: घरच्या पटावर घरचा बैल. हेच जिंकणार. आयर्लंड: जोडी जुळलेली, पण नाजूक. न्यूझीलंड: सुटायच्या आधी जो बैल फुरफुरतो त्याचा दम तिथेच जातो. साऊथ आफ्रिका: वजन फार, मान आखूड. यांच्यावर लाल पेनने फुली मारली.

तक्ता टपरीच्या भिंतीवर जखमेच्या चिकटपट्टीने डकवला. ही पट्टी बैलाच्या कातड्यावरून निघत नाही, भिंतीवरून काय निघणार. सरांनी फुलीकडे पाहिलं आणि चहा संपवला.

२४ सप्टेंबर, रविवार

आयर्लंडने साऊथ आफ्रिकेला हरवलं, तेरा-आठ. फुली बरोबर! टपरीवर मी फक्त तक्त्याकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, एका हारीने कोणी बाहेर जात नाही. हरणारे असंच म्हणतात. आयर्लंडचं नाव फ्रान्सच्या बरोबरीला आणलं. दोघांपैकीच एक. तिसरं नाव काढायचं नाही.

ही मॅचसुद्धा जागून बघणार होतो.

८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी राजदीप सरांनी ग्राउंडवर बोलावलं. मुलींची प्रॅक्टिस होती. सर म्हणाले, या आता, आल्यासारखं पाहून घ्या. मला वाटलं, अखेर जाणकाराची गरज पडली. कडेच्या बाभळीखाली उभा राहून तज्ज्ञाच्या नजरेने पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, चेहरे पुसट दिसत होते, पण मला चेहऱ्यांशी काय करायचं, मांड्या बघायच्या. चार नंबरची मुलगी भक्कम. अकरा नंबर ठीक. सात नंबर मात्र काडीपैलवान, नुसते कोपर आणि गुडघे. मी मोकळ्या मनाने, सगळ्यांना ऐकू जाईल असा अभिप्राय दिला: सात नंबरवर फुली मारा सर, घरी बसवा, उगाच हातपाय मोडून घेईल.

सर काही बोलले नाहीत. बिरजू तिथे होता, तोही नाही. तज्ज्ञाचं मत पडलं की अशी शांतता होतेच.

रात्री रंजीता जेवली नाही. अकरावीचा अभ्यास फार असतो.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

रंजीताचा फॉर्म सापडत नाही. या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही. सरिताला तसं बोललो. सरिता म्हणाली, फॉर्मला पाय फुटत नाहीत, शेवटचा कोणाच्या हातात होता ते आठवा. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला माझ्यावर विश्वास ठेवता आला नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

आयर्लंड गेलं. न्यूझीलंडने घालवलं. आयर्लंडचं नाव मी केवळ माणुसकी म्हणून वर घेतलं होतं. मूळ मत फ्रान्स.

१६ ऑक्टोबर, सोमवार. चंद्रपूर

दीक्षाभूमीला आलो, मी, सरिता आणि रंजीता, बिरजूच्या गाडीत. वाटेत बिरजूने मोबाईल बघून सांगितलं, फ्रान्स गेलं. एका पॉइंटने. साऊथ आफ्रिकेकडून. एका पॉइंटने हरणं म्हणजे हरणं नव्हे, हे मी आष्टीला चहा पिताना समजावून सांगितलं.

परत येताना रंजीता हळूच म्हणाली, "बाबा, वीस तारीख आहे."

मी म्हटलं, चार टीमा उरल्या आहेत, डोकं जरा मोकळं होऊ दे. ती खिडकीबाहेर बघत बसली. मला उगाच वाईट वाटलं. आता अर्जेंटिना. बाकी सगळे बिनशिंगी.

२१ ऑक्टोबर, शनिवार

अर्जेंटिना चव्वेचाळीस-सहाने गेलं. हवामान मानवलं नसावं. माझी टीम इंग्लंड. जुनी जोडी, पटाची सवय असलेली.

काल वीस तारीख होती. फॉर्म सापडला नाहीच. रंजीताला समजावलं की खेळ म्हणजे सर्वस्व नव्हे, पुढच्या वर्षी बघू. तिने हो म्हटलं. एवढ्या सहज हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. सरिता मात्र माझ्याकडे बघून हसली, ते बरं लक्षण नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार

इंग्लंड. एका पॉइंटने. पुन्हा साऊथ आफ्रिकाच.

फायनल न्यूझीलंड आणि साऊथ आफ्रिका. साऊथ आफ्रिकेवर माझी फुली आहे आणि मी शब्दाचा पक्का आहे. म्हणून न्यूझीलंड. फुरफुरणाऱ्या बैलाबद्दलचं मत मागे घेतलं, काही बैल फुरफुरूनही पळतात.

संध्याकाळी बिरजू घरी आला. बसला नाही. दारातच हात जोडले आणि म्हणाला, "डॉक्टर, पाया पडतो जी, आमच्या टीमले सोडून द्या. चंद्रपूरची खेप फुकट मारतो, पण तुमी न्यूझीलंड म्हणू नका."

चांगल्या तज्ज्ञाची लोकांना भीती वाटते. नकार दिला.

२८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६

फायनल आज मध्यरात्रीनंतर. आज काहीही झालं तरी जागणार. दुपारी झोपून घेतलं. चहाचा थर्मास भरून ठेवला. सरिता म्हणाली, ती आणि रंजीता पहाटे चंद्रपूरला जाणार आहेत, तिच्या बहिणीकडे. मी म्हटलं, खुशाल जा.

२९ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७.५०

थर्मास भरलेलाच होता.

साऊथ आफ्रिका जिंकली. बारा-अकरा.

घरात कोणी नाही. ताटलीखाली पोहे झाकलेले. टपरीवर गेलो, माझ्या फुलीमागची भूमिका सरांना समजावायची होती. टपरीवरही कोणी नाही, एकटी ठमाबाई. सर कुठे? चंद्रपूरले. बिरजू? चंद्रपूरले, त्याच्याच गाडीत तर गेले सारे. मुली, सर, तुमची सरिताबाई.

मी म्हटलं, सरिता बहिणीकडे गेली आहे. ठमाबाईने दूध ढवळत माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लंगड्या गोऱ्ह्याकडे पाहतो. मग म्हणाली, "डॉक्टर, तो तक्ता घेऊन जा आता. अन् मांगूनबी पाहून घ्या."

चिकटपट्टी खरंच चांगली आहे, भिंतीचा पोपडा घेऊन निघाली. मागे बारीक अक्षरं होती. घरी येऊन कपाटातून चष्मा काढला. पालकाचे संमतीपत्र. खेळाडूचे नाव, रंजीताच्या वळणदार अक्षरात. जर्सी क्रमांक: ७. पालकाची सही: कोरी.

पोहे तसेच झाकून ठेवले.

त्याच दिवशी, रात्री ८

सातला गाडी आली. मुली गाणी म्हणत होत्या. सरिताने नवीन फॉर्म आणून स्वतः सही करून वीस तारखेच्या आतच दिला असणार. तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रंजीताची निवड झाली. गुडघा सोललेला. मी माझी पेटी काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. अठ्ठावीस वर्षांत एवढा हळू हात चालला नव्हता.

विचारलं, त्या दिवशी ग्राउंडवर ऐकलं होतंस का.

"ऐकलं ना. दहा पावलांवर तर होती मी."

"राग आला तुले?"

"चार दिवस आला. मंग तुमच्या टीमा एकेक करून हरून राह्यल्या, तवा गेला. बाबा, तुमी दोघांवरच फुली मारली होती. साऊथ आफ्रिकेवर अन् माझ्यावर." मग पट्टीवरून हात फिरवत म्हणाली, "पुन्याले राज्याची मॅच आहे. तवाबी फुलीच मारजा."

पायाकडे बघत राहिलो. बारीकच आहेत. याच पायांनी पळाली.

३० ऑक्टोबर, सोमवार

पुण्याच्या स्पर्धेचा फॉर्म आला. चष्मा लावून दोनदा वाचला, सही केली, तारीख घातली, आणि सरांच्या हातात स्वतः दिला. सरांनी साऊथ आफ्रिकेचं नावसुद्धा काढलं नाही. माणूस मोठा आहे.

मग टपरीवर ठमाबाईने मुद्दाम विचारलं, का जी डॉक्टर, पुन्याले आपल्या पोट्ट्या काय करतीन? बिरजूचा चहा ओठापाशी थांबला. सर माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात दुसरंच आलं होतं, अगदी जिभेवर. गिळलं. म्हटलं, "सात नंबर टिकत नाई. दम नाई, पाय बारीक." बिरजूने सगळ्यांना चहा सांगितला.

घरी येऊन डायरी उघडली. खोटं लिहायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. आणि मले खरंच काय वाटते ते इथी लिहिलं, तर पोरगी हरते.

आजपासून डायरी बंद.