डिस्कवरची सही

दादा,

आईची चारची गोळी फ्रिजवरच्या वाटीत ठेवलीय. उपाशीपोटी देऊ नकोस, तिला मळमळतं. मी वकीलबाईंकडे निघालेय. फोन मुद्दाम बंद ठेवतेय. तू बोलण्यात साखर पेरलीस की मी विरघळते.

ज्या डीव्हीडीच्या जोरावर तू दुकान मागतोयस, ती मी सोबत नेलीय. उगाच कपाट उपसू नकोस. तिच्या मधल्या भोकाभोवती चकचकीत पट्टा आहे, त्यावर मुंगीएवढे आकडे आहेत. भिंग धरून त्यांचा फोटो काढला आणि डिस्क बनवणाऱ्या कंपनीला पाठवला. आज सकाळी उत्तर आलं. बाबा गेल्यावर सात महिन्यांनी ती डिस्क कारखान्यात तयार झालीय.

तू म्हणशील, "अगं, जुन्या डिस्कवरून कॉपी केली असेल." आतल्या बाबांच्या शूटिंगचं मानलं मी. पण वर मार्करने "दुकान थोरल्याला" असं लिहून खाली सही केलीय, ती करायला बाबा परत आले होते का?

काकांवर ढकलू नकोस, त्यांना स्वतःची सही धड जमत नाही. बाबांची सही त्या वळणदार शेपटीसकट या घरात एकालाच जमते. माझ्या प्रगतिपुस्तकावर तूच करून द्यायचास आणि मी जन्माची उपकृत व्हायचे.

वकीलबाईंनी पाचची वेळ दिलीय. त्यांना अजून काही बोलले नाहीये. गोळी दिल्यावर आईजवळ बस आणि तुझ्या तोंडाने सांग.

साडेचारला फोन चालू करीन. तुझा नको, आईचा यायला हवा.

चिंगी