हायरमकाकांच्या कपाळावरचं कुंकू

प्रिय हायरमकाका,

तुम्हाला जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र पोचायची तशी घाई नाही. पण तुमच्या घराचं म्युझियम चालवणाऱ्या कमिटीत काल, तुमच्याच दिवाणखान्यात, तुमच्या पुतळ्यासमोर दीड तास तुमच्याबद्दल बोलणं झालं आणि तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही, ते मला बरं वाटलं नाही. शिवाय तुमच्या कपाळावर पडलेला लाल डाग माझ्यामुळे आहे. तेव्हा माफी आधी तुमचीच मागायला हवी.

मी वृषाली. दर शनिवारी तुमच्या दिवाणखान्यात आठ-दहा पाहुण्यांना घेऊन येते, ती. वडीलधाऱ्या माणसाला 'मिस्टर डॉबिन्स' म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मनातल्या मनात काका. चालेल ना?

माझ्या नवऱ्याची, मंदारची, इथून जवळच शॉमबर्गला नोकरी आहे. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नाही. इथलं पहिलं वर्ष मी कार्पेट व्हॅक्यूम करण्यात घालवलं. तेच कार्पेट, दिवसातून दोनदा! मग लायब्ररीत चिठ्ठी दिसली की तुमच्या घरासाठी बिनपगारी गाइड हवेत. तेव्हापासून मला शनिवार मिळाला, आणि खरं सांगायचं तर बाकीचा आठवडाही त्याच्या जोरावर निघतो.

तुमचं चरित्र मला तोंडपाठ आहे. व्हरमाँटहून बैलगाडी घेऊन आलात, मीठ, खिळे आणि छिटाचं कापड विकायला बसलात. गावात लोखंडी तिजोरी फक्त तुमच्याकडे, म्हणून लोक आपली पुंजी तुमच्याकडे आणून ठेवायला लागले आणि बघता बघता दुकानामागच्या खोलीची बँक झाली. मग राज्याची विधानसभा. पहिल्या खेपेला सपाटून आपटलात. दुसऱ्यांदा निवडून आलात आणि लगेच स्वतःचा संगमरवरी अर्धपुतळा करवून घेतलात. जिवंतपणी! काका, एवढी कसली घाई? आमच्याकडचे पुढारी निदान वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भागवतात.

तुमची दोन्ही मुलं कॉलऱ्यात गेली. ते वाक्य मी भरभर म्हणते आणि पाहुण्यांना जिन्याकडे नेते.

म्हणूनच गेल्या शनिवारी, तुमच्या वाढदिवसाला, मला राहवलं नाही. तुमचं करायला मागे कोणी नाही. घर उघडायच्या आधीच आले, कुंकू कालवून पुतळ्याला टिळा लावला, वर अक्षता लावल्या. निरांजनाने स्मोक अलार्म वाजला असता, म्हणून नाताळातली बॅटरीवरची मेणबत्ती ओवाळली. काय छान दिसत होतात! दोन टूर तशाच केल्या. संध्याकाळी पुसायला गेले, तर कुंकू दगडात मुरलेलं. लिंबू चोळून पाहिलं. डाग जागच्या जागी राहिला आणि संगमरवराची तेवढी चकाकी गेली.

घाबरून नागपूरला सासूबाईंना फोन केला. वाटलं, काहीतरी घरगुती उपाय सांगतील. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अगं, गेलेल्या माणसाचं औक्षण करतात का कुठे?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, काका. तुम्ही गेलेले आहात हेच मी विसरले होते.

पुढे डाग कमिटीच्या लक्षात आला आणि मला बोलावणं आलं. मंदारचं म्हणणं, "यार वृषाली, सॉरी म्हण आणि ते गाइडचं कॅन्सल कर. उगाच कॉम्प्लिकेशन नको." त्याला काय जातंय म्हणायला! मला रडू आलं. शनिवार गेला असता तर मी काय केलं असतं?

आता माझा तुमच्यावरचा राग. लायब्ररीतल्या जुन्या वर्तमानपत्रात तुमचं विधानसभेतलं भाषण मी कधीच वाचलंय. बोटी भरभरून येणाऱ्या जर्मनांना थांबवा, त्यांना आपल्या चालीरीती जन्मात कळणार नाहीत, असं म्हणाला होतात. ते मी आजवर एकाही पाहुण्याला सांगितलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण वाचताना मला किती लागलं, माहीत आहे? आम्ही बोटीऐवजी विमानाने आलो, एवढाच काय तो फरक.

काल कमिटीतले एक रिटायर्ड वकील फार गोड आवाजात म्हणाले की नव्या लोकांना आपल्या पद्धती समजायला वेळ लागतो, वृषालीला तूर्त टूरऐवजी पाकिटांवर पत्ते लिहायला द्यावेत. घरून लिहून नेलेला माफीचा कागद माझ्या हातात होता. तो वाचायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघून गेलं की हेच हायरम डॉबिन्सही म्हणाले होते. आणि मग तुमचं भाषण मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पाठांतर ही माझी जुनी खोड आहे.

अध्यक्ष लॉरेनआजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या उठून तुमच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझे पणजोबा त्याच सुमाराला जर्मनीहून आले. इथे चपला शिवायचे. पंचवीस वर्षं मी या माणसाची धूळ पुसतेय." मग डागाकडे जवळून पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे तो. थोडं त्यालाही सहन करू दे."

पाकिटांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. निघताना मला कोट घालायला वकीलसाहेबांनी बाही धरून दिली.

काका, तुम्हाला एक शब्द देते. येत्या शनिवारपासून ते भाषण मी टूरमध्ये सांगणार आहे, तुमच्यासमोर उभी राहून, एकही वाक्य न गाळता. तुम्हाला ऐकावं लागेल, इलाज नाही. पण ते ऐकून पाहुण्यांपैकी कोणी तुम्हाला वाटेल तसं बोलायला लागलं, तर तुमची बाजू घेऊन भांडेनही मीच. घरच्या माणसाचं आम्ही असंच करतो.

तुमची शनिवारची,
वृषाली